झाड आणि पीक एकाच ओलीवर जगतात

तुमचा प्रश्न असा: झाडं आणि पीक एकत्र असलेल्या शेताच्या संगणकी मॉडेलमध्ये झाडांच्या ओळीजवळची ज्वारी जेमतेम 10 टक्के घटते, प्रत्यक्षात तिथली कणसं निम्मीही भरत नाहीत. तुमचे आकडे पाहिले. पाऊस 480 मिमी, झाडांचं बाष्पोत्सर्जन (पानांतून उडणारं पाणी) 270, पिकाचं 260. बेरीज 530. जमिनीतून थेट उडणारं पाणी तर अजून धरलेलंच नाही, आणि भूजल मॉडेलात नाही. मग जास्तीचं पाणी आलं कुठून?

झाडाचं आणि पिकाचं मॉडेल वेगवेगळं चालवलं की दोघांनाही सगळी ओल आपलीच मिळते. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. रोज आधी पिकाला पाणी देऊन उरलेलं झाडाला दिलं, तरी गडबड होतेच, कारण मग तो क्रमच निकाल ठरवतो. प्रत्येक थरात दोघांची मागणी एकदम मांडा, त्या थरातल्या मुळांच्या लांबीनुसार ओल वाटा, आणि ओल अपुरी पडली तर दोघांचीही कपात करा.

वानुलकास हे झाड-पीक मॉडेल याच पद्धतीचं आहे: मातीचे चार थर आणि झाडापासून दूर जाणारे चार पट्टे. यील्ड-सेफ हे दुसरं मॉडेल सोपं आहे, पण त्यात माती एकाच थराची. त्यामुळे झाड खालची ओल पितंय की पिकाच्या तोंडची, हे त्यातून कळत नाही. तुमचा प्रश्न नेमका तोच आहे, म्हणून पट्टे हवेतच.

पिकाची वाढ बाष्पोत्सर्जनाला बांधा. ज्वारीसाठी पाण्यामागे वाढीचा गुणांक साधारण 9 पास्कल; त्याला हवेच्या बाष्पतुटीने (हवेच्या कोरडेपणाच्या मापाने) भागा. ही तूट 2 किलोपास्कल असेल, तर 1 किलो पाण्यामागे सुमारे 4.5 ग्रॅम शुष्क भार (वाळलेलं वजन), म्हणजे 1 मिमी पाण्यामागे हेक्टरी 45 किलो. सावलीत तूट थोडी कमी होते, त्याचा फायदा पिकाला द्या. सावलीने प्रकाश घटतो तोही धरा, पण कोरडवाहूत बहुतेकदा पाणीच आधी अडतं.

झाडाच्या पानांचं वेळापत्रक विसरू नका. फायदरबिया अल्बिडा हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं. त्याला वर्षभर एकच पर्णक्षेत्र दिलं तर सगळं उलटं दिसेल.

एक कळकळीची विनंती: आत्ता उत्पादन जुळवायला पिकाचे गुणांक ओढू नका. ते निव्वळ पिकावर, झाडाचे निव्वळ झाडांवर ठरवा, आणि मिश्र शेत फक्त तपासणीसाठी राखा. तिथेही आधी ओल जुळते का ते बघा: ओळीपासून 1, 3 आणि 6 मीटरवर, दर पंधरवड्याला, निदान दीड मीटर खोलीपर्यंत. ही मोजणी झाली की आकडे इथेच टाका, पट्ट्यांची रुंदी मिळून ठरवू.