शेडचं नंतर बघू, आधी कानातले टॅग

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सरकार गायीमागे दिवसाला ५० रुपये देतं, म्हणून आता गोशाळेची शेड बांधायला कर्ज काढतोयस म्हणे. थांब जरा. ३० सप्टेंबर २०२४ ला कॅबिनेटने निर्णय घेतला हे खरं, पण ते पैसे देशी गायींसाठी, गोसेवा आयोगाकडे नोंदणी झालेल्या गोशाळेला, त्यातही संस्थेला ३ वर्षांचा अनुभव हवा, किमान ५० गुरं हवीत नि प्रत्येकाच्या कानात टॅग. तुझ्याकडे १८, त्यातल्या २ जर्सी.

५० गायींचे वर्षाला ९ लाख १२ हजार होतात, आकडा बघून माझंही डोकं फिरलेलं. पण त्यात पेंढा, पेंड, औषधं आणि शेण काढणाऱ्याची मजुरी बसवून बघ. आपली कोकण कपिला जातीची गाय अंगानं लहान, खाते कमी, म्हणून निदान ओढाताण करून भागतं तरी.

मी काय केलं सांगू? एका योजनेत नाव आलंच असं समजून उसनवारीवर शेड उभी केली, नाव काही आलं नाही, आणि २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात पत्रे उडून शेजारच्या पोफळीच्या बागेत. पत्र्यांचं जाऊ दे, आतला सगळा पेंढा भिजला आणि पावसाच्या तोंडावर पेंढा कोण देतो? त्या वर्षी गुरं कशी जगवली ते माझं मला माहीत. तेव्हा तू भातकापणी झाली की लगेच पेंढा घे, चांगली उंचावर उडवी रच, कर्ज काढायचंच तर त्याला काढ.

आणि हायवेवरून मोकाट जनावर आणलंस की ग्रामपंचायतीचं पत्र घेतल्याशिवाय दावणीला बांधू नकोस. पॉवर टिलर आल्यापासून वर्षभर पोसायला बैल कोणाला नकोत, कापणी झाली की सोडून देतात, पण तू पोसून धडधाकट केलास की नांगरणीच्या वेळेला मालक बरोबर उगवतो, वर तुलाच चोर ठरवतो! गावचा कोंडवाडा ओसाड पडलाय ना, ग्रामसभेत ठराव करून तो वापरायला माग, फुकटचा आडोसा होईल. ५० भरेपर्यंत एखाद्या जुन्या नोंदणीवाल्या ट्रस्टबरोबर काम कर, मोठेपणा नंतर.

रविवारी ये, येताना गुरांचं रजिस्टर आण, नसेल तर वही आण. टॅगिंगसाठी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सांगून ठेवतो. त्या २ जर्सींचं काय करायचं ते चहा पिताना बघू.

तुझा काका