हार्मोनियम येतं, साधा लॅपटॉप आहे, बजेट २५ हजार. घरी मॉड्युलर सिंथेसायझर सुरू करायचा तर पहिलं मॉड्युल कुठलं घ्यावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: राहायला बेळगावकडचं खानापूर, पेटी चांगली वाजते, मॉड्युलर सिंथचे (सुटी मॉड्युलं केबलने जोडून आवाज बनवणाऱ्या वाद्याचे) व्हिडिओ पाहून ओढ लागली आहे आणि पहिलं मॉड्युल कुठलं ते ठरत नाही. माझ्या मते आत्ता एकही मॉड्युल घेऊ नका. २५ हजारांत पॉवर सप्लायसकट केस आणि एखाद-दोन मॉड्युलं येतील, त्यावर कस्टम्स आणि जीएसटी वेगळा, आणि एवढं करून त्यातून धड एक सूर निघणार नाही. कारण एका आवाजाला किमान चार गोष्टी लागतात: आवाज तयार करणारा ऑसिलेटर (व्हीसीओ), तो गाळणारा फिल्टर (व्हीसीएफ), लहान-मोठा करणारा ॲम्प्लिफायर (व्हीसीए) आणि त्याला चढ-उतार देणारा एन्व्हलप. शिवाय 'आता वाज' असं सांगणारं काहीतरी हवंच.

हे सगळं व्हीसीव्ही रॅक या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आतली व्होल्टेजं खऱ्या युरोरॅकसारखीच (युरोरॅक म्हणजे खऱ्या मॉड्युलांचा प्रचलित साचा) मोजलेली असल्यामुळे इथे शिकलेलं पुढे वाया जात नाही. पैसे खर्चायचेच असतील तर आधी बऱ्यापैकी वायरवाला हेडफोन घ्या. ब्लूटूथ नको, कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि पेटीवाल्याचा हात तिथेच अडखळतो.

एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकी बरंच आपोआप कळेल. केबलमधून जातं ते व्होल्टेज, मग तो आवाज असो, सूर असो की ताल. सुराचा नियम आहे एका सप्तकाला १ व्होल्ट. म्हणजे एक स्वर (पेटीची एक पट्टी) वर जायला ०.०८३३ व्होल्ट. रॅकमध्ये ० व्होल्ट म्हणजे मधली पांढरी एक, २६१.६३ हर्ट्झ. काळी एक हवी तर ०.०८३ व्होल्ट जास्त. गेट म्हणजे ० वरून १० व्होल्टवर उडी: कळ दाबली, कळ सोडली. ऑसिलेटरचा आवाज साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट. कुठल्याही आउटपुटची केबल कुठल्याही इनपुटमध्ये घातली तरी सॉफ्टवेअरमध्ये काही जळत नाही, तेव्हा बिनधास्त घाला.

पहिला पॅच (मॉड्युलांची केबल-जोडणी) असा. कीबोर्डच्या कळांचं व्होल्टेज (सीव्ही) करणारं 'मिडी टू सीव्ही' मॉड्युल घ्या आणि ड्रायव्हरमध्ये कॉम्प्युटर कीबोर्ड निवडा, म्हणजे मिडी कीबोर्ड नसला तरी चालतं. त्याच्या व्ही-ऑक्टमधून (सुराचं व्होल्टेज) केबल व्हीसीओच्या व्ही-ऑक्टला. व्हीसीओचं सॉ (करवतीच्या दात्यांसारखी लाट) आउटपुट व्हीसीएफला, तिथून लो-पास (फक्त खालचे सूर सोडणारं) आउटपुट व्हीसीएला, तिथून 'ऑडिओ' मॉड्युलच्या १ आणि २ ला. मिडी टू सीव्हीचा गेट एडीएसआरला (एन्व्हलपचं मॉड्युल: ॲटॅक, डिके, सस्टेन, रिलीज) आणि एडीएसआरचं आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला. मग त्याच एडीएसआरमधून दुसरी केबल काढून फिल्टरच्या कटऑफ (ज्याच्या वरचे सूर गाळले जातात ती हद्द) इनपुटला द्या आणि त्याचा छोटा नॉब ३०-४० टक्क्यांवर ठेवा. फरक लगेच ऐकू येईल.

आवाज आला नाही तर उलट्या दिशेने, स्पीकरकडून मागे तपासत या. बहुतेक वेळा ऑडिओ मॉड्युलमध्ये डिव्हाइसच निवडलेलं नसतं. ते ठीक असेल तर व्हीसीएची सीव्ही केबल काढा. आता एकसारखा आवाज येत असेल तर दोष एन्व्हलप किंवा गेटमध्ये आहे, येत नसेल तर बहुधा फिल्टरचा कटऑफ खाली पडलेला आहे. 'स्कोप' नावाचं मॉड्युल कायम उघडं ठेवा आणि शंका आली की केबल तिथे लावून लाट बघा. आवाज कुरकुरत असेल तर ऑडिओ मॉड्युलमधला ब्लॉक साइझ (लॅपटॉप एका वेळी किती आवाज तयार करतो ते) वाढवा. ४८ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे साधारण ५ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे जवळपास ११. वाजवताना ११ सुद्धा चालून जातो. एफ३ दाबलंत की कुठलं मॉड्युल प्रोसेसर खातंय ते दिसतं.

तुम्ही पेटीवाले असल्यामुळे पुढचा पॅच मी तानपुऱ्याचा सुचवेन. सिक्वेन्सरवर (पायऱ्या ओळीने वाजवणारं मॉड्युल) ठेका वाजवण्यापेक्षा यातून दसपट शिकायला मिळतं. समजा सा काळी एक आहे. चार व्हीसीओ घ्या आणि प्रत्येकाच्या फ्रिक्वेन्सी नॉबवर राइट-क्लिक करून आकडे टाइप करा: मंद्र पंचम १०३.९४, जोडीच्या दोन तारा १३८.५९ आणि १३८.८९, खर्ज ६९.३० हर्ट्झ. जोडीच्या तारांत मुद्दाम ०.३ हर्ट्झचा फरक ठेवलाय. त्यामुळे दर सव्वातीन सेकंदांनी आवाज हलकासा फुगतो आणि बसतो. दोन्ही आकडे सारखे ठेवलेत तर आवाज मेलेला वाटेल.

प्रत्येक व्हीसीओला स्वतःचा व्हीसीएफ, व्हीसीए आणि एडीएसआर द्या. 'सेक ३' सिक्वेन्सरला चार पायऱ्या आणि टेम्पो ६० ठेवा. प्रत्येक पायरीखाली वेगळं गेट आउटपुट असतं, ते त्या-त्या तारेच्या एडीएसआरला. ॲटॅक २ मिलिसेकंद, सस्टेन शून्य, डिके ४ सेकंद. इथे जवळपास सगळे फसतात. डिके लांब ठेवूनही तार टुक्कन तुटते, कारण गेट अर्ध्या सेकंदात खाली येतो आणि एन्व्हलप डिके सोडून रिलीजमध्ये जातो. तेव्हा रिलीजही ४ सेकंद हवा. दुसरी चूक म्हणजे एकाच व्हीसीओला चार सूर देणं. मग नवी तार छेडली की आधीची लगेच बंद पडते, आणि तानपुऱ्याची सगळी गंमत तर तारा एकमेकींत मिसळण्यात आहे.

जवारीसाठी सॉ लाट, फिल्टरचा कटऑफ ३००-४०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (कटऑफजवळचे सूर उठावदार करणारा नॉब) निम्म्याच्या थोडा खाली आणि एन्व्हलप कटऑफला. छेडल्यावर वरचे स्वयंभू स्वर एकामागून एक उतरत येतात, ते कान देऊन ऐका. चार तारा मिक्सरमध्ये एकत्र करताना प्रत्येकी ४० टक्क्यांच्या वर जाऊ नका. चार गुणिले ५ म्हणजे २० व्होल्ट होतात आणि ऑडिओ मॉड्युल १० ला आवाज कापतं, म्हणजे फाटका आवाज. आणि खर्ज ऐकू येत नाही म्हणून पॅच मोडत बसू नका. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपतच नाही, हेडफोन लावा.

आता सुरांची बारीक बाब, जी कीबोर्डवाल्यांना जाणवत नाही. पेटीचा पंचम ०.५८३ व्होल्टला बसतो, तानपुऱ्याचा शुद्ध पंचम ०.५८५ ला. हा फरक कानाला कळतही नाही. गंधाराचं मात्र तसं नाही. पेटीचा ०.३३३ आणि शुद्ध ५:४ चा ०.३२२ व्होल्ट, म्हणजे जवळपास १४ सेंटची तफावत (पेटीच्या एका पट्टीचे १०० सेंट). तानपुऱ्यावर धरलात तर पेटीचा गंधार चढा लागतो. मॉड्युलरमध्ये तुम्ही हव्या त्या व्होल्टला गंधार लावू शकता, फक्त वाटेत क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या ठरलेल्या स्वरावर बसवणारं मॉड्युल) ठेवू नका. नेहमीच्या सेटिंगवर तो सूर ओढून परत पेटीच्या पट्टीवर नेतो.

(मॉड्युलर सिंथ आपल्या देशात नवा नाही, हेही जाता जाता. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ सुरू करून दिला होता.)

हाताला खरी तार लागल्याशिवाय करमणार नसेल, तर दुसऱ्या महिन्यात ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) सीडी४०१०६ या आयसीचा (चिपचा) ऑसिलेटर करा. सामान थोडकं आहे: आयसी दोन (एक राखीव), १ मेगओहमचे पॉट (नॉबने बदलणारे रेझिस्टर) दोन, १० किलोओहम, १०० किलोओहम आणि २.२ किलोओहमचे थोडे रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक आणि १ व १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १एन४१४८ डायोड, एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर), एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी. बेळगावात टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे यातलं बहुतेक मिळेल. नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली किंवा बेंगळुरूचा एसपी रोड. दुकानदार "तेच आहे हे" म्हणत ७४एचसी१४ हातावर ठेवण्याची शक्यता आहे. पिना अगदी तशाच असतात, पण तो ६ व्होल्टपर्यंतचा आयसी, ९ व्होल्टला जळतो. तोच मिळाला तर पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर चालवा.

जोडणी: पिन १४ ला अधिक, पिन ७ ला उणे, आणि दोन्हींमध्ये आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरड. पिन १ पासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड. पिन २ पासून पिन १ ला १० किलोओहम आणि १ मेगओहमचा पॉट एकापुढे एक. झाला ऑसिलेटर, आउटपुट पिन २ वर. वारंवारता साधारण १.२ भागिले (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स), म्हणजे पॉट एका टोकाला १२ हर्ट्झ आणि दुसऱ्या टोकाला १२०० च्या आसपास. पिन ३-४ वर असाच दुसरा करा, फक्त कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा, उणे पाय ग्राउंडला. हा आठ सेकंदांत एक फेरी इतका सावकाश जाऊ शकतो. पिन ४ पासून पिन १ ला डायोड लावा, पट्टीची बाजू पिन १ कडे. सावकाश ऑसिलेटर वर असेल तेव्हा पहिला थांबतो, खाली आला की वाजतो.

पिन ४ ची एक तार पिन ५ ला देऊन पिन ६ वरून २.२ किलोओहममधून एलईडी लावा. थेट पिन ४ वर लावलात तर ऑसिलेटरवर भार येऊन चाल बिघडते. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर धरून काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये बंद केले, मघाचा डायोड काढला आणि पिन २ चा आवाज एलडीआरमधून नेला की तुमचा घरगुती व्हीसीए तयार. एलईडी विझल्यावर एलडीआरचा रेझिस्टन्स सावकाश वाढतो, त्यामुळे आवाज खटकन न तुटता मावळतो.

न वापरलेल्या इनपुट पिना, इथे ९, ११, १३, ग्राउंडला जोडायच्याच. मोकळ्या सोडल्या तर त्या हवेतला गोंगाट उचलतात आणि आयसी गरम होतो. दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडू नका, प्रत्येकाला १०० किलोओहम लावून मग एकत्र आणा आणि तिथून ग्राउंडला १० किलोओहम. त्याने प्रत्येकाचे ९ व्होल्ट १ व्होल्टच्या खाली येतात. पुढे १ मायक्रोफॅरडमधून ॲम्प्लिफायर. भजनी मंडळाचा मिक्सर वापरणार असाल तर लाइन इनपुट, गेन शून्यावरून सुरू. माइकच्या सॉकेटला लावू नका. या ऑसिलेटरवर सप्तकाला १ व्होल्टचा हिशेब चालत नाही आणि बॅटरी उतरली की सूरही सरकतो, तेव्हा पेटीशी जुळवायच्या भानगडीत पडू नका.

पुढे कधी युरोरॅक घ्यायची वेळ आली तर पॅनेल बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही शीट मेटलच्या शॉपमध्ये कापून मिळेल. २ मिलिमीटर ॲल्युमिनियम, उंची १२८.५ मिलिमीटर, ८ एचपी (युरोरॅकचं रुंदीचं माप) हवं तर रुंदी ४०.३, स्क्रूच्या भोकांमधलं उभं अंतर १२२.५. जॅकला ६ मिलिमीटरचं भोक. ड्रॉइंग डीएक्सएफ फाइलमध्ये न्या आणि एकाच पॅनेलसाठी वेगळं काम लावू नका, दुसऱ्या कामातून उरलेल्या तुकड्यात बसवून घ्या.

पॉवरची रिबन केबल लावताना लाल पट्टी उणे १२ व्होल्टकडे, आणि हात घालण्याआधी स्विच बंद. उलटी लागली की मॉड्युल जातं, वॉरंटी काही बोलत नाही. सगळ्या मॉड्युलांच्या मिलिअँपची बेरीज सप्लायच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ देऊ नका. कीबोर्ड किंवा सिक्वेन्सरचं सुराचं व्होल्टेज साध्या मल्टिपलने (एक केबल अनेकांना वाटणाऱ्या मॉड्युलने) दोन व्हीसीओंना वाटलंत तर दोन्ही उतरतात: आउटपुट १ किलोओहम आणि इनपुट १०० किलोओहम असेल तर प्रत्येक जास्तीच्या इनपुटमागे सप्तकाला सुमारे १२ सेंट. सुरासाठी बफर्ड मल्टिपल घ्या. लॅपटॉपमधून खऱ्या मॉड्युलला सूर पाठवायचा तर इंटरफेस डीसी-कपल्ड हवा, उदाहरणार्थ एक्स्पर्ट स्लीपर्सचा ईएस-८. साध्या ऑडिओ इंटरफेसमधून स्थिर व्होल्टेज बाहेरच पडत नाही.

आणि दोन गोष्टी आपल्या भागाच्या. लाईट गेल्यावर घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये भुणभुण येणारच, पॅच तपासत बसू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, तेवढ्यानेही कधीकधी जाते. दुसरं, खानापूरकडच्या पावसाळ्यात जॅकच्या पट्ट्या काळवंडतात आणि सूर मध्येच तुटायला लागतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक सॉकेटमध्ये जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत उलटा प्रश्न, तिथे स्टॅटिकने सीमॉस आयसी (सीडी४०१०६ सारखे) जातात, म्हणून हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या उपकरणाच्या धातूच्या पत्र्याला बोट लावावं.