अमेरिकेत वस्तीजवळ येणारं आयसीईचं (संघराज्य सरकारच्या स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणेचं) स्थानबद्धता केंद्र शहराच्या झोनिंग नियमांनी, म्हणजे कुठल्या जागेचा काय वापर करता येईल ते ठरवणाऱ्या नियमांनी, अडवता येतं का?

इमारत खासगी कंपनीच्या मालकीची असेल तर अडवता येऊ शकतं. संघराज्य सरकारने जागा स्वतः विकत घेतली तर जवळपास नाहीच, कारण स्थानिक झोनिंग त्या सरकारला बांधत नाही. म्हणून आधी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) नोंदींत मालक कोण ते पाहा. कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ शहराने ‘विशेष वापर परवाना’ घेतला नाही या मुद्द्यावर २०२५ मध्ये कोअरसिव्हिक या खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. अशा परवान्यावरच्या सुनावणीआधी लेखी हरकत नोंदवा: सांडपाण्याची क्षमता, पाणीपुरवठा, अग्निशमन, वाहतूक, सगळं आकड्यांसकट. नुसत्या ‘आम्हाला नको’वर परवान्याला दिलेला नकार अपिलात सहसा टिकत नाही. मात्र लेव्हनवर्थसारखा मनाई हुकूम म्हणजे कायमची बंदी नव्हे; कंपनी रीतसर अर्ज करू शकते, तेव्हा कैद्यांच्या कमाल संख्येसारख्या अटींचा मसुदाही तयार ठेवा.