आठ मुलं, 160 नखं

"रात्रभर ताप होता त्याला, आणि मला कळलं सकाळी. तेही त्याने सांगितलं नाही, मॅडम. थोरली त्याला शाळेसाठी उठवायला गेली, अंगाला हात लावला तर चटका बसला तिला."

समोर बसलेल्या ताईंच्या मांडीवर दीड वर्षाची धाकटी झोपली होती. बोलताना त्या तिला थोपटत होत्या, आणि तिने कूस बदलली की बोलणं अर्ध्यावर सोडून पुन्हा तिथूनच उचलत होत्या. ज्याला ताप आला तो नऊ वर्षांचा, आठ भावंडांत चौथा.

"मी म्हटलं, अरे मला उठवलं का नाहीस? तर म्हणतो, तू आत्ताच झोपली होतीस."

ताप दोन दिवसांत उतरला होता. ताई माझ्याकडे आल्या त्या या वाक्यामुळे. पोर तापाने फणफणत असताना आपल्या झोपेची काळजी करत पडून राहिलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आठजणांना मी पुरत नाही का हो?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. कधी सहा मुलांचे वडील विचारतात, तर कधी जावेच्या गेल्यानंतर तिची मुलंही स्वतःच्या मुलांबरोबर वाढवणारी बाई. म्हणून या ताईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक सांगायला हवं. त्या घरात हेळसांड अजिबात नव्हती. उलट इतकी नीट लावलेली घडी मी फार कमी घरांत पाहिली आहे. प्रत्येक कपड्याच्या आतल्या पट्टीवर ठिपके होते. थोरलीचा एक, दुसऱ्याचे दोन, असं करत धाकटीपर्यंत. कपडा खालच्या भावंडाकडे गेला की त्यावर एकेक ठिपका वाढवायचा, म्हणजे धुतलेल्या कपड्यांचा ढीग कुणालाही वाटून टाकता येतो. आंघोळीचा क्रम, दप्तरं भरायची वेळ, कोण कुणाच्या शेजारी झोपणार, सगळं ठरलेलं. वडील कामावरून आले की मधल्या दोघांना घेऊन बसायचे. दुसऱ्या भेटीला ते स्वतः आले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "सगळे वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात, मोठी भांडणं नाहीत. मग आमचं चुकलं कुठे?" त्या माणसाच्या कष्टांबद्दल मला आदर वाटला, आजही वाटतो.

चुकलं माझंही. पहिल्याच भेटीत मी त्यांना रोज प्रत्येक मुलाला एकट्याने पंधरा मिनिटं द्यायला सांगितलं. आठ मुलं म्हणजे दोन तास. ताईंनी तक्ता करून भिंतीला लावला. तिसऱ्या दिवशी धाकटीचं पोट बिघडलं, तक्ता कोलमडला, आणि आता ज्यांचा नंबर हुकला ती तिघं रुसून बसली. ज्या बाईला आधीच आपण कमी पडतोय असं वाटत होतं तिच्या भिंतीवर मी तिच्या कमी पडण्याचा हिशेब टांगला होता. भरल्या घरात नव्या कामाला जागा नसते. जे काही करायचं ते रोजच्या कामांच्या पोटातच बसवावं लागतं. हे मी त्या घरात शिकले.

तक्ता काढून टाकला. पुढच्या वेळी मी त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, आठ ओळी लिहा. काल प्रत्येक मूल तुमच्याशी काय बोललं, ते एकेका ओळीत. आठवेल तसं, कुठल्याही क्रमाने.

तीन वर्षांच्या मुलाची ओळ लगेच आली, पाचवीही आली, वयात आलेल्या दुसऱ्याची तर तक्रारच आली. सहा ओळी भरल्या. मग पेन थांबलं. थोरलीची ओळ लिहिताना ताई म्हणाल्या, ती तर दिवसभर बोलते माझ्याशी. लिहिलं ते असं: "छोटीने दूध घेतलं. धाकट्याचा गृहपाठ झाला." सतरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे तिच्याबद्दलचं एक अक्षर नव्हतं. आणि चौथ्याची ओळ कोरीच राहिली. "काल तो बोलला असेल ना काहीतरी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. नंतर बराच वेळ गप्प होत्या.

ज्यांच्या घरात मुलं जास्त आहेत त्यांनी हा कागद महिन्यातून एकदा लिहून पाहावा असं मला वाटतं. रडणारं, भांडणारं, हट्ट करणारं मूल आपला वाटा ओढून घेतंच. कोरी ओळ बहुतेक वेळा शहाण्या मुलाची निघते. एक दिवस कोरी राहिली तर काही बिघडत नाही. प्रत्येक वेळी त्याच नावापुढे कोरी राहिली तर मात्र तिकडे बघायला हवं. दुखलं-खुपलं लपवणं, स्वतःसाठी काहीच न मागणं, आनंदाची गोष्टसुद्धा न सांगणं हे सगळं एकत्र दिसू लागलं तर 'किती समजूतदार आहे' म्हणून कौतुक करून पुढे जाऊ नये.

मी ताईंना विचारलं, "दिवसभरात तुमचा हात त्याच्या अंगाला कधी लागतो?"

त्या मोजू लागल्या. आंघोळ तो स्वतः करतो. भांग स्वतः पाडतो. बुटाच्या नाड्या कधीच शिकला. अभ्यास मोठा भाऊ घेतो, झोपतोही त्याच्याच शेजारी. "नखं रविवारी कापते मी, पण खालच्या चौघांची. हा साडेसात वर्षांचा असल्यापासून आपली आपण कापतो. इतकी नीट कापतो, मॅडम, की..."

त्यांचं कौतुकाचं वाक्य तिथेच तुटलं.

एका मुलाची 20 नखं, आठांची 160. त्यातली 80 ताई दर रविवारी कापत होत्या. उरलेल्यांतली 20 दीड वर्षापूर्वी त्यांच्या हातातून सुटली होती. सुटली तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला होता. मोठ्या कुटुंबाबद्दल मला जे सांगायचं आहे ते हेच: तिथे जे मूल लवकर शिकतं त्याच्यावरचा हात लवकर उठतो. लहान घरातही मुलं स्वावलंबी होतातच, पण तिथे आईचा मोकळा झालेला हात फिरून त्याच मुलाकडे येतो, उगाच केसांतून फिरतो. आठ मुलांच्या घरात मोकळा झालेला हात त्याच क्षणी पुढच्या मुलाकडे जातो. यात कुणाचा दोष नाही, पण मुलाला जाणवतं ते इतकंच की मला जमायला लागलं आणि आई गेली.

वाटणी सारखी केली तरी हे घडतं. जोसेफ प्राइस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त दोन मुलांची घरं घेतली होती. एकाच वयाची तुलना केली तर पहिल्या मुलाला आई किंवा वडिलांचा निवांत सहवास दुसऱ्यापेक्षा रोज 20 ते 30 मिनिटं जास्त मिळालेला दिसला. कारण साधं आहे. आई-वडील त्या-त्या दिवशी दोघांना सारखाच वेळ देतात, पण मुलं मोठी होत जातात तसा तो एकूण वेळच घटत जातो. म्हणजे थोरलं पाच वर्षांचं असताना त्याला जे मिळालं, ते धाकटं पाच वर्षांचं होईपर्यंत आटलेलं असतं. दोन मुलांत हे होतं, तर आठांत तक्ता लावून काय होणार? म्हणून मी ताईंना वेळ वाढवायला सांगितला नाही. सुटलेलं एक काम परत हातात घ्यायला सांगितलं. रविवारी खालच्या चौघांची झाली की शेवटी चौथ्याची नखं. त्याला येत असली तरीही. आणि त्या वेळात त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही, ही माझी अट.

पहिल्या रविवारी त्याने हात मागे घेतला. "मला येतं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "मला कापायची आहेत."

हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं. मला ते आजही तोंडपाठ आहे.

दोन रविवार तो काही बोलला नाही, नेलकटरकडे बघत बसला. तिसऱ्या रविवारी डाव्या हाताची नखं चालू असताना म्हणाला, "आई, माझं नाव तुला शेवटी का येतं?" ताई हाक मारताना आधी मोठ्या भावाचं नाव घ्यायच्या, मग धाकट्यांपैकी एकाचं, मग त्याचं. त्या मला फोनवर सांगताना रडत होत्या. पोटच्या पोराचं नाव आठवत नाही, याहून वाईट काय, असं त्यांचं म्हणणं.

या बाबतीत मी त्यांना शांत करू शकले, कारण याचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की माणसं अशी नावं चुकवतात ती एकाच गटातल्या माणसांची. भावाऐवजी भाऊ, लेकाऐवजी लेक. घरच्यांच्या यादीत पाळलेल्या कुत्र्याचंही नाव येतं. चेहरे किती सारखे आहेत याचा त्यात फारसा संबंध नसतो, नावांचा उच्चार जवळचा असेल तर मात्र जास्त घोटाळा होतो. म्हणजे चुकीचं नाव तोंडी येतं ते माणूस विसरल्यामुळे येत नाही. मनाने त्या सगळ्यांना एकाच कप्प्यात, आपल्या माणसांच्या कप्प्यात ठेवलेलं असतं म्हणून येतं. ताईंनी ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याला किती पटलं कोण जाणे. पण त्यांनी आणखी एक केलं. लांबून हाक मारण्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि मग नाव घ्यायचं. हात योग्य खांद्यावर पडला की नावही योग्य येतं, असा त्यांचा अनुभव.

थोरलीकडे वळायला आम्हाला उशीर झाला, कारण तिच्याबद्दल तक्रार कुणाचीच नव्हती. मोठ्या घरात थोरल्या मुलाने लहानांना सांभाळणं वाईटच, असं सरसकट म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. कुटुंबोपचारातलं मोठं नाव असलेल्या साल्वादोर मिनुचिन यांनी 1974 मध्येच लिहिलं होतं की मोठ्या कुटुंबात एखाद्या मुलाकडे पालकांची काही कामं जाणं स्वाभाविक आहे. जबाबदारी स्पष्ट असेल आणि तिच्या मानाने अधिकारही दिलेला असेल तर ते चांगलं चालतं. काम नेमकं किती हे कुणी कधी सांगितलंच नाही, किंवा आई-वडिलांनी सगळंच सोडून दिलं, की मूल अडकतं. या मुलीला कुणी कधी सांगितलं नव्हतं की तिचं काम कुठे संपतं. रात्री धाकटी रडली तरी तीच उठायची, कारण तिला वाटायचं की आपणच उठायचं असतं.

इथे वडील पुढे आले. त्यांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं: सकाळी दोघांना तयार करणं तुझं काम, त्यात तू म्हणशील तसं. संध्याकाळ झाली की तू फक्त आमची मुलगी. रात्री धाकटी उठली तर मी उठेन. पहिला आठवडा तिला हे आवडलं नाही. आपल्याला बाजूला केलं असं वाटलं. हे असं होतं, आणि त्याने घाबरून जायचं नसतं. महिन्याभरानंतर एका रविवारी चौथ्याची नखं कापून झाल्यावर तिने न बोलता आपला हात आईपुढे केला. पाच बोटांना नखरंग लावलेला होता, त्यामुळे कापण्यासारखं काही नव्हतं. ताईंनी करंगळीचं टोक उगाच घासून दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मुलीने आईला सांगितलं की तिला पुढे शिकायला दुसऱ्या गावी जायचं आहे आणि विचारायची भीती वाटते.

लोक बोलतात त्याचाही ताईंना त्रास होता. इतकी मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार, ती मागेच पडणार. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. नॉर्वेतल्या लोकसंख्येच्या नोंदींवरून 2005 मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न तपासला होता. मोठ्या कुटुंबातल्या मुलांचं शिक्षण थोडं कमी दिसलं, पण मुलाचा जन्मक्रम हिशेबात धरल्यावर कुटुंबाच्या आकाराचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. फरक उरला तो क्रमाचा, मागून जन्मलेल्यांचं शिक्षण थोडं कमी. तेव्हा भावंडं किती आहेत याची चिंता करत बसण्यापेक्षा मागच्या नंबरांकडे पोहोचेपर्यंत आपण किती थकलेलो असतो, ते बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्या भेटी सहा महिन्यांत संपल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सकाळी सकाळी ताईंचा फोन आला. आवाज जागरणाने बसलेला.

"रात्री दोन वाजता उठवलं त्याने मला, मॅडम. पोट दुखतंय म्हणाला. शेक दिला, तासभर पोटावरून हात फिरवत बसले. मग त्या आवाजाने धाकटी उठली, तिच्यामागून तिसरी उठली, आणि पहाटेपर्यंत कुणीच झोपलं नाही."




त्या हसत होत्या.