इमॅजिकाचं थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात होईल का? सोबत ५ वर्षांची मुलगी आणि आजी-आजोबा आहेत.

एका दिवसात दोन्ही नका करू. खोपोलीच्या या दोन्ही पार्कांची तिकिटं वेगळी असतात आणि लहान मूल पाण्यात शिरलं की दोन-तीन तास बाहेर येत नाही. फक्त वॉटर पार्क ठेवा, तेही शनिवार-रविवार सोडून.

सगळ्यात जास्त घोळ कपड्यांचा होतो. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे पोहण्याचे कपडेच लागतात. तिथे भाड्याने मिळतात, पण आजींच्या मापाचे आणि त्यांना संकोच वाटणार नाही असे, पूर्ण बाह्यांचे, घरूनच घेऊन जा. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, त्यामुळे मुलीची उंची आधीच मोजा आणि तिला तसं सांगून ठेवा, नाहीतर रांगेच्या टोकाला रडारड ठरलेली! तिच्यासाठी मुलांचा उथळ भाग उत्तम. लाटांच्या तलावात मात्र जीवरक्षक असला तरी तिचा हात सोडू नका.

मे महिन्यात दुपारी फरशी चटके देते. सकाळी गेट उघडतानाच पोहोचा, आजोबांसाठी आधी सावलीतली जागा धरा.