बिडी ओढणाऱ्या वडिलांचा फुफ्फुसाचा स्कॅन करून घ्यावा का?

तुमचे वडील ६१ वर्षांचे, तीस वर्षं बिडी, दीड महिना खोकला. नाशिकमध्येच 'लो डोस सीटी', म्हणजे कमी किरणांचा सीटी स्कॅन, केला तर कॅन्सर लवकर सापडेल का, असं तुम्ही विचारलंय.

तो स्कॅन ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी असतो. अमेरिकेत भरपूर सिगारेटी ओढलेल्या ५३,४५४ जणांवर त्याची चाचणी झाली. २०११ साली निकाल आला, तेव्हा स्कॅनवाल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेवाल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी निघाले. पण स्कॅनमध्ये ज्यांना संशयास्पद काही दिसलं, त्यांतल्या शंभरापैकी ९६ वेळा तो कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डाग घेऊन फिरणारे कितीतरी, तेही स्कॅनमध्ये संशयास्पद दिसू शकतात. वडिलांना खोकला आहे, म्हणजे त्यांचं आता रीतसर निदानच व्हायला हवं. छातीच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रे, थुंकी आणि लागला तर नेहमीचा सीटी ते सांगतील.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. माझी मामी सिन्नरची. निम्मं आयुष्य बिड्या वळण्यात गेलं, ओढली मात्र एकही नाही. खोकला झाला, एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी 'टीबीच असणार' म्हणून एका डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केली. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ती केशरी झाली की औषध लागू पडतंय असं घरात सगळ्यांना वाटायचं. चार महिने असे गेले आणि वजन उतरतच राहिलं. मग नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "जंतू सापडले होते का?" बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला.

पुढची तपासणी मुंबईत होती. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून देतात, कॅरमच्या सोंगटीएवढा असतो तो 'ब्लॉक'. मे महिना होता. मेण वितळेल म्हणून मामाने पंचवटी एक्स्प्रेसमध्ये डबी अख्खा वेळ ओल्या रुमालात धरली होती. लॅबवाला हसला. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं म्हणे.

त्या तुकड्यात ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. २००४ साली या बदलाचा शोध लागला आणि काही रुग्णांना, त्यातही बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना, जेफिटिनिबची गोळी इतकी का लागू पडते हे उलगडलं. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या गोळीवर रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहत होता, जोडीला केमो दिली तर १६ महिने. त्रासही जास्त झाला, पण फरक दुपटीचा होता. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि मामीला हेच दिलं. ती त्यानंतर अडीच वर्षं होती, त्यातली पहिली दोन बरी गेली. ते आधीचे चार महिने मात्र मामाच्या मनातून अजून जात नाहीत.

तेव्हा वडिलांना कुणी टीबीचं औषध सुरू केलं, तर कशावरून, ते विचारा. उद्धटपणा वाटला तरी विचारा. बायोप्सी ठरलीच तर जनुकांच्या तपासणीला पुरेल एवढा तुकडा घ्यायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सुई पुन्हा टोचावी लागते. आणि घरात कपाटाच्या मागे, गादीखाली त्यांचा एखादा जुना एक्स-रे असेल तर तो शोधून सोबत न्या. डाग जुना की नवा हे शेजारी शेजारी धरून बघितल्यावर डॉक्टरांना पटकन कळतं.