नागपूरहून वर्षातून दोन-तीनदा मुंबई-दिल्लीला जातो. माइल्सच्या वेलकम बोनससाठी क्रेडिट कार्ड घेणं परवडेल का?

परवडेल, पण फी वजा करून बघा. माइल्स म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, त्यांवर तिकीट काढता येतं; वेलकम बोनस म्हणजे नवीन कार्ड घेतल्यावर मिळणारे जादा पॉइंट. समजा वार्षिक फी 5,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900 गेले. बोनस 10,000 पॉइंटचा आणि दोन पॉइंटला एक माइल असा दर असेल, तर हाती 5,000 माइल्स. आता ज्या तारखेला जायचंय त्याच तारखेचं तिकीट माइल्सवर किती आणि रोखीत किती, दोन्ही तपासा. माइल्सवर काढलं तरी कर आणि विमानतळाचं शुल्क बहुधा खिशातूनच जातं. समजा त्या 5,000 माइल्समध्ये 6,000 चं तिकीट मिळालं आणि त्यात 1,200 कर-शुल्काचेच असतील, तर वाचले 4,800. फी गेली 5,900, म्हणजे तोटाच!

दुसरं म्हणजे खर्चाची अट. बोनस बहुतेकदा ठरावीक दिवसांत ठरावीक खर्च केल्यावरच मिळतो. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे त्यात अनेकदा धरत नाहीत. त्यामुळे घरात लग्न असेल, सराफ्यात किंवा इतवारीत मोठी खरेदी ठरलेलीच असेल, तेव्हा कार्ड घ्या. दुकानदार कार्डावर दोन टक्के जास्त मागत असेल तर मात्र राहू द्या.

विस्ताराच्या कार्डाबद्दलचे जुने सल्ले वाचू नका. ती विमान कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. सोनेगाव विमानतळावरून इंडिगोनेच जात असाल तर दुसऱ्या कंपनीचे माइल्स जमवून काय करणार? बिल दरमहा पूर्ण फेडणं जमत नसेल तर हा नाद नकोच, व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जातं.